चौदा पावलं

प्रिय भिंगरी,

माझं पत्र बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. माझे गुडघे तेवढे संपावर गेलेत. पुढच्या महिन्यात जीवाश्म उद्यानातली माझी राखणदारी संपते. फोनवर आपलं "बरी आहेस ना", "हो" एवढंच होतं, तेही आई शेजारी उभी राहते म्हणून. आता जे सांगायचंय त्याला फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसलो.

यंदा पाऊस फार झाला. ओढ्याने पुन्हा वाट बदलली आणि पलीकडचा काठ ढासळला. येणाऱ्या लोकांना मी तीस वर्षं तेच सांगतोय, की या उजाड माळावर एकेकाळी तळं होतं, मासे होते, इथली जमीन कधी एका जागी बसलेली नाही. तू माझी नक्कल करायचीस, काठी आपटत, "बसलेली नाही, मंडळी!" ऑफिसातले पोट धरधरून हसायचे.

दगडातला तो मासा तू विसरली नसशीलच. नाजूक जीवाश्म आम्ही पावसाआधी गोणपाटात बांधून वाळूखाली पुरतो आणि वर खुंटी ठोकतो. त्या वर्षी मासा मी पुरला, जागा ठाऊक आपल्या दोघांनाच. पावसानंतर खुंटीखाली खणलं, तर काही नाही. साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, मी तुझं दप्तर उपडं केलं. अकरा वर्षांची होतीस. एकदाच म्हणालीस, "बाबा, मी नाही घेतला." चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणालो. त्यानंतर तू उद्यानात पाऊल टाकलं नाहीस, आणि शाळा संपताच वसतिगृह गाठलंस.

मंगळवारी ढासळलेल्या काठातून गोणपाटाचं टोक बाहेर आलं. सुतळीची गाठ माझ्याच डावऱ्या हाताची. आत मासा, खवलान् खवला शाबूत. जुन्या खुंटीपासून चौदा पावलांवर. आणि ऐक, त्या वर्षी पूर ओसरल्यावर खुंटी आडवी पडलेली मला दिसली होती. इथेच होती, म्हणत मीच ती अंदाजाने परत ठोकली. हे मी कुणाला बोललो नाही. तुझ्यावर आळ घेतानाही नाही.

नवे साहेब म्हणाले, माशाच्या फलकावर शोधणारा म्हणून तुमचं नाव घालू. नको म्हटलं. त्याच टेबलापाशी जुन्या-नव्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, की माझ्या मुलीने घेतला नव्हता, चूक माझी होती. त्यांना सांगून झालं, तुला सांगायचं राहिलं होतं. पोरी, तू खरं बोलत होतीस. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो. माफ कर.

उशिरा का होईना, तुझाच
बाबा