कागदी निऱ्या

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

रेणापूर,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५ (अंगारकी)

प्रिय पुनम हिला सिंधुचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऋतुजानं धाडलेलं पार्सल काल पोचलं. रंगीत कागदाचं पाकीट अन् घडी दाबायची पट्टी. पाकिटावर तीनशे ऐंशी रुपये छापलेत! लेकीला म्हणावं, काकूला जुनी कॅलेंडरं पुरतात. पट्टी मात्र कामाची हाय. आजवर मी उलथन्याच्या दांड्यावर भागवलं.

तुळशीला पाणी घातलं की रोज एक कागद घेऊन बसते. ऋतुजानं शिकवलेली ती ओरिगामी, कागदाच्या घड्यांची. हल्ली निऱ्यांचाच नाद लागलाय. आधी लुगड्यासारख्या बोटावर घेत गेले, तर शेवटाला कागद तिरका निघाला. ऋतुजा फोनवर हसली. "काकू, आधी सगळ्या घड्या पाडायच्या, उलगडायच्या, मग एकदम मिटायचं." तेव्हापासून हात बसला. लग्नपत्रिका घडीवर तडकते, पेपर लोळतो, कॅलेंडर ताठ राहतं. देवांचे फोटो आधी कापून पोथीत ठेवते.

हे म्हणाले, "पत्रावळ्या लावून राहिलीस का?"

"हाव, तुम्हालाच जेवायला," म्हणलं.

खरं तर यंदा महालक्ष्मीला कागदाची साडी करायची होती. कमरेला निऱ्या बारीक, खाली रुंद. आठ-दहा कागद वाया गेले, पण उभी राहिली. लई देखणी.

तिथंच थांबायचं ना? दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले अन् आणखी एक केली, चार बोटं आखूड.

वाटण्यांत भावाभावांनी परात-घंगाळाबरोबर महालक्ष्म्यांचे मुखवटेही वाटले. ज्येष्ठा आम्हाला, कनिष्ठा तुम्हाला. दोघी बहिणी, अन् वेगवेगळ्या गावी एकेकट्या जेवतात! मी दरसाल ज्येष्ठेशेजारी कलशावर नारळ ठेवते. तू उमरीत काय ठेवतेस, ते विचारायला जीभ रेटली नाही. ती आखूड साडी नारळाला नेसवून पाहिली. शोभली नाही. ती कनिष्ठेच्याच मापाची हाय, पुनम.

काल ह्यांना दाखवली. आखूड माप त्यांनी बरोबर ओळखलं. मग म्हणाले, "बालाजीला मी बोलवणार न्हाई."

म्हणलं, "तुम्ही नका बोलवू भावाला. मी देवीला बोलवून राहिले. तिला कोणी हातात धरून आणलं, तर दारातून परत लावता का?"

त्यांनी साडी उचलून नीट पोथीशेजारी ठेवली. तुझ्या मालकांनाही हेच सांग. शेत मागत नाही, भांडं मागत नाही. विसर्जन झालं की कनिष्ठा तुझ्या ओटीत घालून धाडीन, अन् पुढल्या साली ज्येष्ठा घेऊन मी उमरीला येईन.

फोनवर भाऊजी शेजारी असतात, आपलं नुसतं "हाव, हाव" होतं, म्हणून लिहिलं. ३१ तारखेला, रविवारी आवाहन हाय. तू कनिष्ठेला घेऊन आल्याशिवाय मी ज्येष्ठेलाही मांडणार नाही. येतेस का, हे विचारत नाही. कोणत्या गाडीनं निघतेस, तेवढं उलटटपाली कळव.

तुम्हा दोघींची वाट पाहते.

तुझी थोरली जाऊ,
सिंधु