घर त्यांचे, सुईही त्यांचीच

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय अडुसष्ट, शिक्षण रसायनशास्त्रातील पदवी, व्यवसाय लोकांना मोटार चालवायला शिकवणे (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे सर्जन म्हणतात, पण त्यांनी माझ्याकडून ढीगभर सह्या घेतल्या आहेत, तेव्हा ही एक मी माझ्यासाठी करते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलाचा या मजकुराला विरोध आहे आणि तो पूर्ण ऐकून घेऊनच मी लिहीत आहे.

१. राहते घर, जे मी माझ्या कमाईतून घेतले, ते माझ्या पतींना पूर्ण मालकी हक्काने मिळावे. त्यांनी ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा भिंती रंगवून काढाव्यात. ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आहेत, रंगवतीलही.

मुलाचे म्हणणे, घर त्याच्या नावे करावे आणि वडिलांना त्याने आपल्याकडे न्यावे. "आई, त्यांना प्रत्येक जेवणाआधी इन्शुलिन लागतं. एकटे कसे राहतील? मी बघेन ना त्यांच्याकडे." त्याचा हेतू चांगला आहे, हे मी येथे नमूद करते. पण ती सुई या घरात कोण टोचते, हे तो पाळण्यातून उतरल्यापासून पाहत आला आहे. मी आजवर एकदाही टोचलेली नाही.

२. हे असे का, ते वारसांना कळावे म्हणून लिहिते. पतींना ऐन तरुणपणी मधुमेह झाला. त्यांचे शरीर इन्शुलिन तयारच करत नाही, ते बाहेरून घ्यावे लागते. लग्नाआधी ते माझ्याकडे गाडी शिकायला आले होते. एरवी तोंडाळ माणूस, पण एक दिवस एकदम अदबीने म्हणाले, "मॅडम, आपली परवानगी असेल तर मी उजवीकडे वळू का?" उजवीकडे भिंत होती. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तो मी दाबला. त्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरली होती, ते घामाने निथळत होते. खिशातली साखर कशीबशी तोंडात टाकली, थोड्या वेळाने डोळे चोळले आणि म्हणाले, "अहो बाई, भिंत आहे की समोर. बोलायचं नाही का?"

माझे वडील म्हणाले, "याच्याशी लग्न करशील तर जन्मभर नर्स होशील." मी नर्स झाले नाही. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात राहिले पाहिजे, ही माझ्या धंद्यातली शिस्त मी घरात आणली. कोणत्या जेवणाला किती इन्शुलिन, हे आम्ही दोघांनी मिळून शिकून घेतले. ठरवणे मात्र त्यांचे. मी "तपासली का?" एवढे एकदा विचारते, दुसऱ्यांदा नाही. शिडीवर चढण्याआधी ते साखर तपासतात, मगच ब्रश हातात घेतात. आज त्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय शाबूत आहेत. डॉक्टर नव्या रोग्यांना त्यांच्याशी बोलायला पाठवतात. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

३. थोरल्या नणंदबाईंना माझा साखरेचा मोठा काचेचा डबा, काठोकाठ भरून द्यावा. त्या एकदा राहायला आल्या असता मी कामावर गेल्याचे पाहून त्यांनी घरातली सगळी साखर शेजारीपाजारी वाटून टाकली. पती घरी आले ते थरथरत, आणि डबा धुऊन उपडा घातलेला. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई फळांचा रस घेऊन धावल्या म्हणून निभावले.

"वन्सं, साखर कुठे गेली?"

"विष ते त्याला. तुला नाही काळजी, निदान मी तरी घेते."

"इन्शुलिन जास्त झालं की तेच औषध असतं."

"तू शिकवू नकोस. त्याला सुईसुद्धा स्वतःच टोचून घ्यावी लागते तुझ्या राज्यात."

राग आता राहिलेला नाही. डबा मात्र त्यांनाच द्यावा.

४. दोन ब्रेकची गाडी, माझी शिकवणी आता चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला. बँकेतली शिल्लक सूनबाईला. डोस कसा ठरवतात हे या कुटुंबात फक्त तिने विचारले, आणि मला न विचारता सासऱ्यांना विचारले. मुलाला माझी पुस्तके. त्याला हे कमी वाटेल. त्याचे शिक्षण मी करून दिले आहे.

५. घरी कोणी राहायला आले तर पाहुणे म्हणून यावे. इन्शुलिन फ्रिजच्या दारात असते. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठले की वाया जाते. पती अचानक फार सभ्य बोलू लागले, "आपण", "कृपया" वगैरे, तर हुरळून न जाता साखरपाणी पुढे करावे. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, डॉक्टरांना बोलवावे. आजारपणात जेवण जात नाही म्हणून कोणी परस्पर इन्शुलिन बंद करू नये.

६. (हे कलम खोडले आहे. समासात माझी सही आहे.) येथे मी लिहिले होते की, माझ्यामागे प्रत्येक जेवणाआधी एक नर्स येईल आणि सुया तीच देईल. पतींनी कच्चा मसुदा वाचला.

"हे सहावं कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. मी नसेन ना."

"तू असताना तरी कधी टोचलीस?"

"राहू द्या हो. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी परक्या बाईपुढे रोज शर्ट वर करू? खोड ते."

मी पेन त्यांच्यापुढे केले. "तू लिहिलंस, तूच खोड," म्हणाले. मी खोडले.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे पतीच करतील. "बाबांना झेपेल?" असे मुलाने फोनवर विचारले. जो माणूस रोज प्रत्येक घासाआधी स्वतःच्या जिवाचा निर्णय घेतो आणि तरीही संध्याकाळी शीळ घालत घरी येतो, त्याला एक गाडी आणि थोडी पुस्तके वाटायला जड जाऊ नयेत.

ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून दोन साक्षीदार बोलावले आहेत. ते येऊन बसले आहेत. पती सकाळीच शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडले. कुठे चाललात, हे मी विचारले नाही. त्यांच्यासाठी थांबण्याची गरज नाही. सही करते.

(सही) मृत्युपत्र करणारी

वरील सही आमच्या दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत झाली.
साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, तारीख डॉक्टरांनी आपल्या सहीखाली घातली आहे.