अनुमोदक

गावाकडून, १८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. टोमॅटोला भाव बरा आहे आणि माझं पोट पुढे सरकतंय, असं घरच्यांचं म्हणणं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू माझ्या नुसत्या श्वासावरून खोटं ओळखतेस.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव आला, की दिवाळीनंतर शाळेची खिचडी नव्या बचत गटाने शिजवावी. गट सरपंचांच्या भावजयीचा. अनुमोदक कोण म्हणताच माझा हात वर गेला. माझी खोड तुला ठाऊक आहे. सभा लांबली की मी अनुमोदन देतो आणि चहा येतो. मागे दोघे लिलावाचं कुजबुजत होते, कान तिकडे होता. ठराव नीट ऐकूच आला नाही. घरी आल्यावर कळलं, आपल्या नवसावहिनीचं काम गेलं. चुलतभाऊ गेल्यापासून त्याच चुलीवर तिचं घर चाललंय, आणि धाकटीचं नर्सिंग अजून पुरं व्हायचंय.

वहिनी समोरून येताना दिसली की मी गाडी वळवतो. काय करू ते कळव.

लोभ आहेच. हे वाचूनही राहिला तर बरं.

तुझा,
गोरक्ष

त्र्यंबकेश्वर, २६ ऑगस्ट

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद.

टोमॅटोचा भाव वाढो, पोटही वाढो. पण मळ्यावर जाताना शाळेत थांबायचास, तेव्हा पातेल्याच्या बुडाची लागलेली खिचडी तुझ्यासाठी कोण काढून ठेवायचं, ते विसरू नकोस.

बाकी सगळं मान्य, एक सोडून. लासलगावला व्यापारी पुटपुटला तरी तुला भाव ऐकू येतो, असं लोक म्हणतात. आणि मोठ्याने वाचलेला ठराव ऐकू आला नाही? तुझ्या टोमॅटोच्या शेडकडचा रस्ता पंचायतीकडून डांबरी करून घ्यायचाय, हे गेल्या दिवाळीत तूच सांगत होतास. मी त्र्यंबकला राहते रे, चंद्रावर नाही.

दोन ऑक्टोबरच्या सभेत आधी मागचं इतिवृत्त वाचतील. तेव्हा उभा राहा.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही तुझेच.

ताई

गावाकडून, ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. ठराव शब्दन् शब्द ऐकला होता. शेजारी सरपंच बसले होते आणि डोळ्यांपुढे रस्ता होता.

परवा इतिवृत्त वाचून झालं तसा उठलो. म्हटलं, माझं अनुमोदन मागे घेतो. खिचडी नवसावहिनीकडेच राहावी, अशी सूचना मांडतो. सरपंच हसत म्हणाले, की गोरक्षशेठ, डांबर उन्हात वितळतं बरं का. मग ग्रामसेवकांनी विचारलं, अनुमोदक कोण? ताई, साऱ्या गावाला आजवर मी अनुमोदन दिलं. माझ्या वेळी एकही हात वर नाही. जो तो आपल्या चपला बघत होता.

शेवटी बायकांतून एक हात वर आला. वहिनीचाच. सरपंच म्हणाले, स्वतःच्याच कामाला स्वतः अनुमोदन कसं चालेल? तर तिच्या शेजारची अंबूबाई ठसक्यात बोलली, की भावजयीच्या गटाचं चालतं, मग हिचं का नाय? सभा हसली आणि हसता हसता हात वर गेले. मागचा ठराव रद्द झाला. रस्त्याचं आता नाव काढायला नको.

बाहेर वहिनीपुढे हात जोडले. खरं सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, की भाऊजी, त्या दिवशी मी बी मागंच बसले होते, तुम्ही अनुमोदन दिलेलं ऐकलं. पण मनाला नाय लावून घेतलं. गलका लय होता, तुम्हाला ठराव ऐकू आला नसंल.

तुला लिहिलेलं खोटं तिने आपणहून माझ्या पदरात घातलं. आणि ताई, मी मान डोलावली.

लोभ असू दे. मला पेलेल तेवढाच.

तुझा,
गोरक्ष