एक नंबरचं वादळ

९ सप्टेंबर, मंगळवार
दुकानात गिऱ्हाईक नाही. सगळं बेट प्लायवूड आणायला पळालंय. वादळ येतंय. इथे हरिकेन म्हणतात. शाळेसारखी इयत्ता देतात त्याला, एक ते पाच. मी सातवी नापास, म्हणजे मीच मोठं वादळ. हसायला कोण नव्हतं.

काउंटरवरच्या मार्लीनने खोक्यावर लिहून दाखवलं. ताशी ११९ किलोमीटर वारा झाला की एक नंबर. २५२ झाला की पाच. मग म्हणाली, हा नंबर फक्त वाऱ्याचा. समुद्र किती चढणार, पाऊस किती ओतणार, ते यात धरतच नाहीत. खोक्याचा तो तुकडा फाडून वहीत ठेवला.

१० सप्टें. बुध.
एक नंबरचं आहे म्हणे. शेठचा टेकडीवरच्या बंगल्यातून फोन. "एकच नंबर आहे रे. शाळेत-बिळेत आसऱ्याला जायची गरज नाय. तू आणि काका गोडाऊन सांभाळा."

किशन काका खूश. सत्तरी गाठलेली, दमा. मूळ उल्हासनगरचे, शेठसारखेच. तेवीस वर्षं या बेटावर, खाट गोडाऊनमध्येच. मी बदलापूरचा म्हणून पहिल्या दिवसापासून मला गाववाला म्हणतात, नाहीतर पुट, सिंधीत पोरगा.
"पुट, तीन नंबर मैंने इसी खाट पे सोके निकाला. एक नंबरला काय घाबरतो?"
म्हटलं, काका, तुमचा तीन नंबर पळत गेला. हा चालत येतोय. टीव्हीवर सांगितलं, पाणी जास्त आहे.
"टीव्हीवाल्यांना पण पोट आहे."

आईचा फोन. किती मोठं आहे रे? म्हटलं, सगळ्यात लहान. "मग बरं." जय भीम म्हणून ठेवला. बदलापूरला पण पाऊस आहे. नदीचं विचारायचं राहिलं.

११ सप्टें. गुरु.
सकाळपासून वारा. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दारात वाळूची पोती. काका म्हणे, किल्ला झाला.

मी मोरीकडे बघतोय. लहानपणी आमच्या चाळीत पुराचं पाणी आधी दारातून आलंच नव्हतं. मोरीतून आलं. गुडगुड, मग काळं पाणी उलटं वर. आईने गोणपाट कोंबून वर पाटा ठेवला. पाटा हलला तसं तिने मला उचललं. भांडं एक नाही घेतलं.

दुपार. मोरी बोलायला लागली. काकांना सांगितलं, माळ्यावर चला. "नाली आहे, बोलणारच." गोणपाट कोंबलं. वर तराजूचं वीस किलोचं वजन. बघू.

१३ सप्टें. शनि.
आज लिहायला बसलो. वजन हललं तेव्हा मी विचारलं नाही. काकांना पाठीवर घेतलं. माळ्याची लोखंडी शिडी, अकरा पायऱ्या. ते पाठीत बुक्क्या मारतायत. "उतार मला! बाप आहे का तू माझा?" वर पोचलो आणि खाली खाट तरंगायला लागली.

वारा होता तेवढाच, एक नंबरचा. पत्रा एकच उडाला. पाणी माझ्या छातीच्या वर. भिंतीवर रेघ आहे अजून.

मग काकांना दम लागला. "पंप." दम्याचा पंप उशीखाली. मी आणलाच नव्हता. आईसारखं फक्त माणूस उचललं. दोनदा खाली उतरून बुडी मारली. खारं, डिझेल मिसळलेलं पाणी, डोळे उघडत नव्हते. नाही मिळाला. पाठ चोळत बसलो, अजून काय करणार.

काल सकाळी बोट आली. फक्त आजारी माणसं हॉस्पिटलला नेणार. काका माझा हात धरून सिंधीत काहीतरी बोलले. नाही कळलं. शिवी असेल. असू दे.

१५ सप्टें. सोम.
फोन बंद. चिखल काढतोय. काल सबंध दिवस एक शब्द बोललो नाही, मग मुद्दाम मोठ्याने खाकरलो. आज शेठ येऊन गेले.
"माल वर का नाही नेला?"
म्हटलं, काकांना नेलं.
 मग म्हणाले, हॉस्पिटलचा फोन लागत नाही. परत टेकडीवर गेले.

खाटेची जागा रिकामी आहे तिथे झाडू मारत नाही.

१७ सप्टें. बुध.
रेंज आली. पहिला फोन आईचाच.
"लहानच होतं ना रे?"
"हो. लहानच."
"जेवतोस ना?"
"हो." तिच्याकडे मागे भांड्यांचा आवाज. ऐकत बसलो.

दुपारी मोरीजवळच्या चिखलात पंप सापडला. धुतला. दाबला, फुस्स झालं. आत औषध आहे. काकांची चप्पल पण, एकच, डावी.

हॉस्पिटल लांब आहे, गाड्या नाहीत. उजेड आहे तोवर चालत निघतो. तिथे नाव विचारतील. किशन काका, उल्हासनगर. आडनाव मला माहीत नाही. वर्षभर बाजूला झोपतात, विचारलं नाही कधी. आणि नातं विचारलं तर...