कार्यक्रम क्रमांक चार : पाणी पिणे (एक मिनिट)

२ एप्रिल १९६३, मंगळवार
नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मोठ्या वक्त्यांना ही सवय असते, असं भाषणकलेच्या पुस्तकात आहे. पुस्तक फोर्टात फुटपाथवर घेतलं. शेवटची काही पानं नाहीत, पण विषय कळतो.

पेपरात अमेरिकेची बातमी. तिकडे काळ्या लोकांसाठी पाणी प्यायचे नळ वेगळे आहेत. त्यांचे पुढारी त्याविरुद्ध भाषणं करतात. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, मग थांबतात, आणि हजारो माणसं रडतात. गोऱ्यांची कीव आली. बायकोला, शांतीला, वाचून दाखवलं. ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, बरं.

४ एप्रिल
संध्याकाळी नामदेव आला. तो मिठागरात कामाला, मी तिथल्याच कचेरीत कारकून. नेहमीसारखा ओट्यावर बसला. त्यांच्या खालच्या आळीतली विहीर खारी झाली. आमच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही, ही गावाची जुनी रीत. त्यांच्या बायका हंडे घेऊन लांब बसतात. आमच्यातल्या कुणी वरून पाणी ओतलं तर ओतलं. त्याची बायको बायजा, सातवा महिना चालू आहे, आज सहापासून अकरापर्यंत उन्हात बसून होती.

शिवाशिव पाळणं हा गुन्हा ठरून आठ वर्षं झाली. मी त्याला कायदा समजावला. तो म्हणाला, कायदा ठावं हाय भाऊ, पानी पायजे.

मी म्हटलं, मी भाषण करतो.

त्याने पंच्याने तोंड पुसलं. भारावला असावा.

चहा दिला. नामदेवसाठी आमच्याकडे खास कप आहे, निळ्या फुलांचा. ओट्याच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. दुसऱ्या कुणाला त्यात देत नाही. कान तुटलाय, बाकी नवाच. तो पंच्याच्या टोकाने धरतो. एकेकाची सवय. पिऊन झालं की स्वतःच विसळून ठेवतो. गावात एवढं कोण करतं कुणासाठी?

७ एप्रिल, रविवार
देवजी पाटलांकडे विहीर खुली करायचं बोलायला गेलो. गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, आपल्यातला एक जरी मानूस त्यांच्या भांड्यातलं पानी चारचौघांत प्याला, तर मी आडवा येनार नाय. उद्याच बोलवू सगल्यांना.

मी महिना मागितला. भाषण म्हणजे काय चेष्टा आहे? ५ मे, रविवार, सकाळी नऊ, विहिरीपाशी.

कार्यक्रम ठरवला. एक, स्वागत (मी). दोन, प्रास्ताविक (मी). तीन, मुख्य भाषण (मी), दीड तास. चार, पाणी पिणे (मी), एक मिनिट.

९ एप्रिल
घसा हीच वक्त्याची इस्टेट. आजपासून ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, आणि प्यायला फक्त उकळून गार केलेलं पाणी. शांती म्हणाली, त्यापायी रोज एक हंडा जास्त लागतो. ती सकाळी बायजाच्या हंड्यातही ओतते. हात भरून येतात म्हणाली. मी तिला अमेरिकेतल्या बायकांबद्दल सांगितलं.

१३ एप्रिल
मुख्य वाक्य सापडलं. ‘पाण्याला जात नसते.’ तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्याने, मग पॉज, मग आभाळाकडे बोट.

मिठागराच्या बांधावर प्रॅक्टिस केली. समोर बगळे होते. तिसऱ्या वेळी एक उडाला. परिणाम होतो.

१७ एप्रिल
पुस्तकाचं पाचवं प्रकरण. भाषण पटतं ते बोलणाऱ्याच्या वागण्यावरून, असं लेखक म्हणतो. हा भाग सोपा आहे. सोडून पुढे गेलो.

१९ एप्रिल
नामदेव परत आला. म्हणाला, भाऊ, भाषन र्‍हाऊ द्या. तुमी उद्या नुसते या आनि घोटभर प्या. त्याला समजावलं की नुसतं पाणी पिऊन माणसाचं मन बदलत नाही. आधी मन, मग पाणी. तो म्हणाला, मन कवाबी बदलू द्या. माझं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण राग धरला नाही. ज्यांच्यासाठी लढतो त्यांनाच लढा कळत नाही, हे पेपरातही असतं.

चहा दिला. त्याच्या कपात.

२४ एप्रिल
बायजा विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. शांतीने तिला धरून आमच्या ओट्यावर आणलं, तोंडावर पाणी मारलं. बाळ सुखरूप आहे म्हणे.

प्रसंग लगेच भाषणात घातला, दुसऱ्या पॉजनंतर. नाव खरंच ठेवलं. नेमकी कुठल्या कुशीवर पडली ते शांतीला विचारलं. ती उत्तर न देता आत गेली. हल्ली कमी बोलते. उन्हाळ्याने असेल.

४ मे, शनिवार
बेलापूरहून नवा सदरा आणला. भाषण पाठ. शांतीसमोर आज तिसावी वेळ. तिने सबंध ऐकलं. शेवटी विचारलं, पाणी पिणार ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

५ मे
भाषण उत्तम झालं. एक तास चाळीस मिनिटं. शेजारच्या बोनकोड्याहूनही माणसं आली होती. बायजाच्या प्रसंगाला दोघांनी डोळे पुसले. ऊन समोरून होतं, पण तेवढ्याने कोणी रडत नाही. तिसऱ्या ‘पाण्याला जात नसते’ला टाळ्या. आभाळाकडे बोट बराच वेळ ठेवलं.

मग क्रमांक चार.

बायजा लोटा घेऊन पुढे आली. पितळेचा, चिंचेने घासलेला. मी हात पुढे केला, तेवढ्यात घशाची आठवण झाली. म्हटलं, महिनाभर उकळलेलंच पितोय, आज मोडलं तर घसा बसेल, डॉक्टरांनी सांगितलंय. पाटील म्हणाले, कुठचा डॉक्टर? म्हटलं, ठाण्याचा. नामदेव हळूच म्हणाला, पानी तुमच्याच विहिरीचं हाय भाऊ, सकाळी शांतीवैनीनंच ओतलंय. म्हटलं, पाण्याचा प्रश्नच नाही.

बायजा लोटा घेऊन तशीच उभी राहिली. पाटील उठले. मग सगळे उठले.

एकंदरीत कार्यक्रम चांगला. शेवट थोडा विस्कळीत.

६ मे
कचेरीत नामदेव दिसला. मान हलवली, गेला. शांती बोलत नाही. जेवण वाढते. तिच्या तोंडावरून वाटतं की मला लाज वाटायला पाहिजे. दुपारभर वाट पाहिली. काही वाटलं नाही. भूकही लागली नाही.

तिसरा पॉज लांबला असेल का?

७ मे
घसा खरंच बसला. म्हणजे पाणी प्यालो नाही हे बरोबरच.

८ मे
पाटील रस्त्यात भेटले. त्यांच्याकडूनच कळलं. सकाळी शांती विहिरीवर गेली, बायजाच्या हातातला लोटा घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या रिकामा केला. मग दोर बायजाच्या हातात दिला. पाटील शब्दाला जागले, आडवे आले नाहीत. बायजाने स्वतः पोहरा सोडला, स्वतः ओढला.

पाटील म्हणाले, तुज्या भाषनानं नाय झालं तं तुज्या बायकोनं केलं. मी सांगितलं की तो भाषणाचाच परिणाम. तिने तीस वेळा ऐकलंय. ते हसले नाहीत.

क्रमांक चारला मला एक मिनिट ठेवायची गरज नव्हती. पाटील म्हणतात, त्याहून लवकर झालं.

१२ मे, रविवार
नामदेव, बायजा आणि त्यांच्या आळीतल्या दोन बायका आल्या. भाषणाच्या प्रतीसाठी आले असतील म्हणून मी प्रत घेऊन ओट्यावर बसलो होतो. शांतीने त्यांना थेट आत नेलं, चुलीपाशी. आईच्या वेळेपासून तिथे बाहेरचं कुणी बसलेलं नाही.

चहा झाला. घरात चांगले कप पाच. ते चार, शांती पाचवी.

माझा चहा तिने बाहेर आणून ठेवला. निळ्या फुलांच्या कपात. आत बायजा कशाला तरी हसत होती. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

चहा प्यालो. कप विसळून कोनाड्यात ठेवला.

त्याला कान नाही, त्यामुळे बोटं भाजतात. सात वर्षांत नामदेव एकदाही बोलला नव्हता.