पाठीवरचं बोट

चौसाळा, शुक्रवार, संध्याकाळ

सम्याचा अल्बम आला आज. माझ्या धाकट्या भावाचा, एकट्याचा पहिला. आधीची रॅप गाणी आमच्या दोघांच्या नावावर होती. मग माझं लग्न झालं.

भाकरी करताना एका कानात इअरफोन लावून ऐकला. पुण्याच्या स्टुडिओत आवाज किती लख्ख येतो! केजच्या घरी शेजारच्या गिरणीची घरघर येऊ नये म्हणून आमी दोघं एकाच गोधडीत शिरून फोनवर रेकॉर्डिंग करायचो. सम्या कायम घाईनं आधीच सुरू व्हायचा. म्हणून मी त्याच्या पाठीवर बोट टेकवायचे, मगच त्यानं तोंड उघडायचं.

आणि आज? प्रत्येक गाण्यात बीट वाजतं, त्याची जागा येते, आणि हा क्षणभर थांबतो. लोकांना स्टाईल वाटेल. मला माहीत हाय, हा कशाची वाट बघतोय ते.

"कावून रडायलीस गं?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हणाले, कांदा. समोर तर नुसतं पीठ होतं.

मग त्याचाच फोन. "अक्का, कसं झालंय?"

"लई भारी."

पाठीवर आता कोण बोट ठेवतं रे, हे विचारायचं होतं. न्हाई विचारलं. मी काही नवीन लिहिलं का, हे त्यानंही विचारलं न्हाई. बरंच झालं. काय सांगितलं असतं?

शेवटचं गाणं राहिलं होतं, ते लावलं. जागा आली, तो थांबला. मी पिठानं भरलेलं बोट परातीच्या काठावर टेकवलं.

सुरू झाला.