डाग कशाचा, ते आधी बघू

सोमवार, ४ मार्च
काल चिरंजीवांनी सांगितलं की त्यांना मुली नाही, मुलगे आवडतात. त्यांचा तो दातांचा डॉक्टर मित्र नुसता मित्र नाही. रविवारी दोघं जेवायला येणार. मी टेबलावर नसलो तर पुन्हा येणार नाहीत.
मी अजिबात डगमगलो नाही. बाथरूममध्ये बराच वेळ होतो, तो केवळ विचार करायला.
इतकी वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतोय. डाग कशाचा ते कळल्याशिवाय औषध लावायचं नाही, हा आमचा नियम. संकल्प: रविवारच्या आत कारण शोधायचं. शांतपणे, शास्त्रीय पद्धतीने.

मंगळवार
लायब्ररीतून पुस्तक आणलं. वर ब्राउन पेपर चढवला. पुस्तक म्हणतं, काही गोष्टी जन्मतः येतात. म्हणजे हिच्या माहेरच्या! हिला सौम्य शब्दांत सांगितलं. हिने विचारलं, तुमचे काका जन्मभर बिनलग्नाचे त्या रूममेटबरोबर राहिले, ते कुणाच्या माहेरचे? मी ठणकावलं, काटकसर म्हणून राहत होते. मग आठवलं, काकांचे स्वतःचे दोन बंगले होते.
अनुवंश बाद. डोकं चालावं म्हणून पेपरमिंट खाल्ल्या. पुष्कळ.

बुधवार
संगोपन! हिचेच लाड. पण ही म्हणते, शाळा सुटली की पोरगा रोज तुमच्याच दुकानात असायचा, रेशमी कपड्यांच्या घड्या घालायला तुम्हीच शिकवलंत.
पुस्तकात पुढे लिहिलंय की वाढवण्यामुळे असं होतं याला पुरावा नाही. पुस्तक फार चांगलं आहे.

शुक्रवार
एका कोटाच्या खिशाजवळचा जांभळा डाग दिवसभर घासला. जाईना. संध्याकाळी गिऱ्हाईक किंचाळलं: तो विणीतलाच रंग आहे, त्याच्यासाठी तर कोट घेतला, डाग कॉलरला होता! माफी मागितली.
या गोष्टीचा चालू विषयाशी काही संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिली.

शनिवार
सापडलं. संगत! त्या डॉक्टरनेच आमचं पोर बिघडवलं. उद्या तोंडावर सुनावणार. टेबलावर बसेन, पण घास घेणार नाही. आनंदात पेपरमिंटची बरणी संपवली.

रविवार, संध्याकाळ
डॉक्टर आला. बुजरा आहे. न सांगता ताटं मांडायला लागला. मी सुनावायला खाकरलो, तेवढ्यात हिने त्याच्या घरच्यांची चौकशी केली. तो म्हणाला, बाबा बोलत नाहीत. त्यांच्या मते आमच्या चिरंजीवांनी त्याला बिघडवलं.
माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा मुलगा? ज्याने कधी कुणाचं पेन्सिल-रबर उचललं नाही? मी ओरडलो की असं कुणी कुणाला बिघडवत नसतं, माणूस असतो तसा असतो, तुझ्या बाबांना म्हणावं चार पुस्तकं वाचा! त्यांचा फोन नंबरही मागितला.
चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले, मग डोळे पुसायला लागले. मलाही भरून आलं. ही म्हणाली, वाढू का? दोनदा घेतलं.

सोमवार
डॉक्टरच्या बाबांना उद्या नक्की फोन करणार. आज दाढ ठणकतेय. डॉक्टरने दवाखान्यात बोलावून तपासली. किडलीय. मी विचारलं, हे जन्मतः असतं की वळणामुळे? तो लाजत म्हणाला, नाही बाबा, ही मात्र पूर्णपणे तुमचीच चूक आहे.